रांगतें मूल आणि घरांतील फाटक

मूल पाळण्यांत किंवा मांडीवर असतें तोंपर्यंत धोका त्याच्याकडे चालून यावा लागतो. तें रांगूं लागलें म्हणजे तें स्वतःच धोक्याकडे जाऊं लागतें. हा पालट आठ-पंधरा दिवसांत होतो, आणि घर मात्र पूर्वीं होतें तसेंच असतें. काल जेथें ठेवलें तेथेंच आज मूल सांपडेल असा भरंवसा राहत नाहीं. आई पाण्याचा गुंड भरून येते तोंच तें उंबरठा ओलांडून ओसरीच्या कांठाशीं गेलेलें असतें. म्हणून ह्या पाठांत आम्ही एका साध्या पण निकडीच्या गोष्टीचा विचार करणार आहों. रांगतें मूल असलेल्या घरांत अडसर कोठें घालावा, छोटें फाटक विकत घेतांना किंवा करवून घेतांना काय पाहावें, आणि मुलाला खेळावयास जागा कशी राखावी, हे तीन प्रश्न आपल्यापुढें आहेत. समुद्रपूर तालुक्यांतील गिरड व त्याच्या आसपासचीं खेडीं डोळ्यांपुढें ठेवून आम्ही लिहीत आहों. तथापि जेथें ओसरी, चूल, न्हाणी व अंगण आहे अशा कोणत्याही गांवच्या वाचकास ह्याचा उपयोग करून घेतां येईल.

१. तयारी केव्हां करावी

जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. तींत भारतासह पांच देशांतील निरोगी मुलांचें बसणें, रांगणें, उभें राहणें व चालणें नोंदलें आहे. तीवरून असें दिसतें कीं हातागुडघ्यांवर रांगण्याचा काळ सर्वांचा सारखा नसतो. कोणी मूल सहाव्या महिन्यांतच रांगतें, कोणी तेरावा महिना उलटेपर्यंत रांगत नाहीं, आणि दोन्ही मुलें निरोगी असूं शकतात. शंभरांत सुमारें चार मुलें तर हातागुडघ्यांवर कधींच रांगलीं नाहींत. अशीं मुलें पोटावर सरकतात, बसल्या बसल्या पुढें घसरतात, किंवा कांहीं तरी धरून एकदम उभीं राहतात.

ह्यावरून तीन गोष्टी शिकाव्या. पहिली ही कीं शेजारणीच्या मुलाशीं तुलना करून आपल्या मुलास घाई करूं नये. दुसरी ही कीं मूल रांगूं लागलेलें पाहून मग तयारीस लागणें म्हणजे उशीर करणें होय. मूल आधारावांचून बसूं लागलें म्हणजे सुताराला निरोप पाठवावा. तिसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. जो कठडा आज मुलास अडवितो, तोच महिन्या-दोन महिन्यांनीं मूल उभें राहण्यासाठीं धरितें, त्यावर सगळा भार टाकितें व त्याला हलवून पाहतें. म्हणून अडसर करितांना आजच्या मुलापुरता करूं नये; पुढच्या वर्षाच्या मुलाला पुरेल असा करावा.

२. पूर्वीं फाटकें नव्हतीं, मग आतां कां?

हा विषय काढला म्हणजे घरांतील वडील स्त्रिया हंसून म्हणतात, “पाद्रीसाहेब, आमी सात लेकरं वाढवले. तवा कोठी होते फाटकं?” हें म्हणणें आदरानें ऐकण्याजोगें आहे, आणि तें अर्धें खरें आहे.

खरें अर्ध असें कीं त्या काळीं घरांत माणसें होतीं. ओसरीवर आजोबा बसलेले असत, दाराशीं आजी तूर निवडीत असे, चुलत्या व मोठ्या मुली आंत-बाहेर करीत असत. मूल चुलीकडे वळलें कीं कोणाचा तरी हात पुढें होई. आजीबाईंनीं फाटक पाहिलें नाहीं, कारण त्या स्वतःच फाटक होत्या. आज तेंच घर सकाळीं नऊ वाजतां रिकामें होतें. मुलगा हिंगणघाटास किंवा नागपुरास कामाला असतो, वडील माणसें शेतावर किंवा गांवीं वेगळीं राहतात, आणि सून एकटी स्वयंपाक, पाणी, धुणें व मूल सांभाळीत असते. दोन हातांना चार ठिकाणीं असतां येत नाहीं. गेलेल्या डोळ्यांची व हातांची उणीव लांकडाच्या चार पट्ट्यांनीं पुरी होत नाहीं; थोडी मात्र भरून निघते.

दुसरें अर्ध सांगतांना आम्हांस जड वाटतें. वाढलेलीं सात लेकरें आपण मोजतों. जीं वाढलीं नाहींत तीं मोजीत नाहीं. तापानें गेलेलीं, अतिसारानें गेलेलीं, आणि त्यांच्याबरोबरच चुलींत, टाक्यांत किंवा विहिरींत गेलेलीं मुलें त्या काळींही होतीं. त्यांविषयीं बोलणें घरांत टाळलें जात असे, म्हणून तीं आठवणींतून निघून गेलीं.

अशा एका घरीं सांत्वनास जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला होता. मुलगा दहा महिन्यांचा. न्हाणींतील बादलींत वीतभर पाणी. आई भाकर तव्यावर टाकून परत आली इतकाच वेळ. जमलेलीं माणसें एकमेकांस म्हणत होतीं, “देवाची मर्जी.” तो समय वाद करण्याचा नव्हता, व त्या आईस बोल लावण्याचा तर मुळींच नव्हता. पण आज, जेव्हां तुमच्या घरीं मूल सुखरूप आहे, तेव्हां आम्ही स्पष्ट सांगतों: बादली उपडी ठेवावयाची राहिली तर तिला देवाची मर्जी म्हणूं नका. मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत, नवें घर बांधणाऱ्यानें धाब्यास कठडा करावा अशी आज्ञा आहे, आणि कठड्यावांचून कोणी पडला तर त्याचा दोष त्या घरावर ठेविला आहे. तेथें कठडा घालणें हें विश्वासाच्या उणेपणाचें चिन्ह मानलेलें नाहीं. तें घरधन्याचें कर्तव्य मानलें आहे. धाब्याचा कठडा व न्हाणीचें फाटक ह्यांत आम्हांस कांहीं भेद दिसत नाहीं.

३. आधीं कुंपण धोक्याला, मग मुलाला

ह्या पाठाचें मुख्य सूत्र हें आहे कीं होईल तेथवर कुंपण धोक्याभोंवतीं घालावें आणि मूल मोकळें ठेवावें. मुलाला चहूंकडून कोंडून धोके उघडे ठेवणें हा उलटा क्रम आहे. मूल एक दिवस बाहेर येणारच. त्या दिवशीं धोके होते तेथेंच त्याची वाट पाहत असतात.

म्हणून फाटकाचा विचार करण्यापूर्वीं घरांतील एका मोठ्या माणसानें हातागुडघ्यांवर येऊन सगळें घर एकदां फिरावें. ह्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. उभ्या माणसास जें दिसत नाहीं तें जमिनीपासून हातभर उंचीवर येतांच दिसतें: खाटेखालची औषधाची बाटली, कूलरची लोंबती तार, तिवईवरून खालीं आलेला कापडाचा पदर, ज्याच्या टोकाशीं चहाची किटली आहे. जें दिसेल त्याचे तीन भाग करावे. जें उचलून नेतां येतें तें उचलावें. जें झांकतां किंवा कुलपांत ठेवतां येतें तें तसें ठेवावें. जें हलवितां येत नाहीं त्याच्यापुढेंच फाटक घालावें. असें केल्यानें दहा फाटकांचें काम दोन-तीनांवर येतें. आपल्याकडील घरांत विशेष पाहण्याचीं ठिकाणें पुढीलप्रमाणें आहेत.

ओसरी व जोतें. काळ्या जमिनीच्या गांवांत पावसाळ्याच्या चिखलासाठीं जोतें उंच बांधतात व दोन-तीन पायऱ्या ठेवतात. मूल पायरी ओळखत नाहीं. तें डोकें पुढें करून उतरावयास जातें. ओसरीच्या तोंडाशीं अडसर हवाच. घराला माडी असेल तर जिन्याच्या वर एक व खालीं एक अशीं दोन फाटकें लागतात, कारण रांगतें मूल चढतें लवकर व उतरावयास शिकतें उशिरा.

चूल. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेनें गॅस पुष्कळ घरीं पोंचला. पण शेगडी जमिनीवरच ठेवून स्वयंपाक करण्याची संवय कांहीं घरीं राहिली आहे. शेगडी पक्क्या ओट्यावर न्यावी. तें होत नसेल किंवा मातीची चूल चालू असेल तर स्वयंपाकघराच्या दारालाच फाटक असावें. उकळतें वरण व चहा ह्यांनीं मुलें जितक्या सहज भाजतात तितक्या सहज ज्वाळेनेंही भाजत नाहींत. भाजलेंच तर त्या जागेवर साधें वाहतें पाणी सुमारें २० मिनिटें सोडावें; हळद, शाई किंवा दंतमंजन लावूं नये; आणि मुलास दवाखान्यांत न्यावें.

पाणी. ज्या पाण्यांत मोठ्या माणसाचा पाय घोट्यापर्यंतही बुडत नाहीं तेवढ्यांत मूल बुडूं शकतें. मुलाचें डोकें अंगाच्या मानानें जड असतें. तें बादलींत वांकलें कीं त्याला वर येतां येत नाहीं, आणि तें ओरडतही नाहीं. वापर झाला कीं बादली उपडी करावी, टाक्याला व रांजणाला जड झांकण असावें, न्हाणीचें दार बाहेरून कडीनें बंद राहावें. सांदवाडींतील विहिरीला पक्का कठडा व वर जाळी असल्यावांचून त्या बाजूचें दार मुलासाठीं उघडें ठेवूं नये.

कूलर. वैदर्भी उन्हाळ्यांत कूलर चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. पण लोखंडी पत्र्याचा, जमिनीलगत ठेवलेला, खालीं पाणी व आंत वीज असलेला कूलर मुलाच्या हाताच्या टप्प्यांत असणें फार घातक आहे. त्याची भूतार जोडणी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी, वीज गळतांच प्रवाह तोडणारा ब्रेकर घरांत बसवावा, आणि तरीही कूलरपुढें दीड हात अंतरावर कठडा ठेवावा.

फवारणीचें औषध. कपाशीच्या गांवांत हें घरोघर असतें. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलींत तें कधींही ओतून ठेवूं नये. फाटक हा येथें उपाय नव्हे. उंच जागा व कुलूप हाच उपाय आहे.

बारीक वस्तु. गिरडची टेकडी व तिच्यावरील बाबा फरीद यांचा दर्गा दूरवर प्रसिद्ध आहे. त्या टेकडीवर सांपडणाऱ्या वाटोळ्या खड्यांविषयीं अशी लोककथा आहे कीं साधूची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल तेथें दगड होऊन पडला. मोठ्या भावानें असा एखादा खडा खिशांतून घरीं आणला तर धाकट्याला तो खाऊच वाटेल. चिंचोका, फुटाणा, शेंगदाणा, बटण, घड्याळाचा चपटा सेल ह्यांचेंही तसेंच. जी वस्तु सव्वा इंच रुंदीच्या नळींतून जाऊं शकते ती मुलाच्या जमिनीवर नसावी. चपटा सेल गिळल्याचा संशय जरी आला तरी तत्काळ मोठ्या दवाखान्यांत जावें. तो अन्ननलिका कांहीं तासांत जाळूं शकतो.

४. फाटक निवडतांना काय पाहावें

आतां बाजारांत तयार फाटकें मिळतात, आणि गांवच्या सुताराकडूनही करवून घेतां येतात. महाग तें चांगलें असा नियम नाहीं. पुढील कसोट्यांस जें उतरतें तें चांगलें.

पहिली कसोटी जागेची. तयार फाटकें दोन प्रकारचीं असतात. एक भिंतींत किंवा चौकटींत स्क्रूनें पक्कें बसविलेलें. दुसरें दोन्ही भिंतींवर दाब देऊन नुसतें अडकविलेलें. पायऱ्यांच्या वर किंवा ओसरीच्या कांठाशीं दाबाचें फाटक कधींही वापरूं नये. मुलानें भार टाकला तर तें मुलासकट खालीं जातें. शिवाय त्याला खालून आडवी पट्टी असते. मूल कडेवर घेऊन उतरणारी आई तिला अडखळूं शकते. दाबाचें फाटक दोन खोल्यांच्या मधल्या सपाट दारासाठींच ठीक, आणि तेंही पक्क्या भिंतींत. मातीची भिंत दाबाखालीं झिजते व फाटक ढिलें होतें. मातीच्या घरांत लांकडी चौकटीलाच बिजागऱ्या लावाव्या, आणि त्या खिळ्यांनीं न ठोकतां स्क्रूनें कसाव्या.

दुसरी कसोटी उंचीची. युरोपांतील मानकाप्रमाणें फाटक निदान ६५ सेंटिमीटर उंच असावें लागतें. आपण असें ध्यानांत ठेवावें कीं फाटकाची उंची मुलाच्या उंचीच्या पाऊण पटीहून कमी नसावी.

तिसरी कसोटी फटींची. उभ्या पट्ट्यांतील अंतर ६ सेंटिमीटरांहून अधिक नसावें. मोठ्या माणसाचीं तीन बोटें आडवीं आंत जावीं, चार जाऊं नयेत, ही सुताराला सांगावयाची सोपी खूण आहे. ह्याहून रुंद फटींत मुलाचें अंग निसटतें व डोकें अडकतें, आणि तेंच प्राणघातक होतें. फाटकाखालची फट ५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. उघडझांप करतांना चौकोनी-तिरप्या भोंकांची जाळी होणारें घडीचें लांकडी फाटक घेऊं नये. अमेरिकेंत अशा फाटकांत मान अडकून मुलें दगावलीं, तेव्हां १९८५ सालीं त्यांची रचना बदलावी लागली.

चौथी कसोटी चढण्याची. पट्ट्या उभ्याच असाव्या. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलासाठीं शिडी होय. बुरडाकडील बांबूची ताटी स्वस्त व हलकी असते, व ती वापरावयास हरकत नाहीं. परंतु तिची वीण घट्ट असावी, आंतील बाजूस पाय ठेवण्यास जागा नसावी, आणि चिरलेल्या बांबूच्या कडा घांसून गुळगुळीत केलेल्या असाव्या. पऱ्हाटीचा कूड किंवा कोंबड्यांची तारेची जाळी मुलाच्या उपयोगाची नाहीं. एक डोळ्यांत जाते, दुसरी बोटें कापते.

पांचवी कसोटी कडीची. कडी बाहेरच्या बाजूस व वर असावी, मोठ्या माणसास एका हातानें उघडतां यावी, कारण दुसऱ्या हातावर मूल असतें. फाटक आपोआप मिटणारें असेल तर फारच उत्तम. तें पायऱ्यांच्या दिशेनें उघडूं नये. घराच्या आंतील बाजूस उघडावें.

सहावी कसोटी रंगाची. दांत येऊं लागलेलें मूल कठडा चावतेंच. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें, व शिसें मुलांच्या बुद्धीच्या वाढीस अपाय करितें. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणें घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणून जुन्या दाराच्या रंगविलेल्या फळ्या तोडून फाटक करण्यापेक्षां साग किंवा बाभळीचें कोरें लांकूड घांसून तसेंच ठेवणें बरें.

फाटक बसल्यावर घरधन्यानें स्वतः गुडघ्यांवर बसून तें दोन्ही हातांनीं ओढून व ढकलून पाहावें. हललें तर सुताराला परत बोलवावें. दर महिन्यास स्क्रू पुन्हां कसावे. आणि मोठ्यांनीं फाटकावरून टांग टाकून जाऊं नये. घाईंत पडण्याची भीति असते, व मूल जें पाहतें तेंच शिकतें. मूल फाटकावर चढूं लागलें, किंवा दोन वर्षांचें झालें, म्हणजे फाटकाचें काम संपलें असें समजावें. त्यानंतर तें पडण्याची उंची मात्र वाढवितें.

५. खेळाची जागा

धोके दूर केल्यावरही आईला रोज कांहीं वेळ अशी एक जागा लागते, जेथें मूल ठेवून तिला तवा उतरवितां येईल. त्यासाठीं चार बाजूंचा कठडा करितात. त्याला वरील कसोट्याच लागू आहेत; जाळीचा कठडा असेल तर जाळीचीं भोंकें पाव इंचाहून लहान असावीं, म्हणजे बोटें व गुंड्या अडकत नाहींत.

ही जागा आई जेथें काम करिते तेथून दिसावी, व मुलालाही आई दिसावी. कोपऱ्यांतील अंधाऱ्या खोलींत ठेवलेला कठडा मुलाला शिक्षाच वाटतो. ती इतकी मोठी असावी कीं मूल तिच्यांत वळून परत रांगूं शकेल. एका खाटेएवढी जागा कमींत कमी समजावी. खोलीच्या दोन भिंती व दोन बाजूंस कठडा अशी कोपऱ्याची रचना स्वस्त पडते. खिडकी, तार, दोरी, पडदा व कूलर जवळ नसावा. सारवलेली कोरडी जमीन व तिच्यावर ताणून घातलेली सतरंजी पुरे. जाड गादीवर मुलाचे हात रुततात. आंत उशा, डबे किंवा मोठें खेळणें ठेवूं नये, कारण मूल त्यावर उभें राहून कठडा ओलांडतें. लांकडी डाव, पितळी वाटी, कापडाचा घट्ट शिवलेला चेंडू एवढ्यावर रांगतें मूल पुष्कळ वेळ रमतें.

परंतु कठडा हा दिवसभराचा मुक्काम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे कीं एक वर्षाखालील मुलास एका वेळीं एक तासाहून अधिक जखडून ठेवूं नये, आणि दिवसांतून अनेक वेळां जमिनीवर हालचाल करूं द्यावी. रांगण्यानें मूल अंतर, उंची व आपलें बळ शिकतें. जें मूल अंगणांत आजीच्या नजरेखालीं रांगतें त्याला कठड्यांतील मुलापेक्षां अधिक शिकावयास मिळतें.

येथें दोन रीतींविषयीं सांगणें अवश्य आहे. मुलाच्या कमरेला लुगड्याचा पदर किंवा दोरी बांधून ती खाटेच्या पायास अडकविण्याची रीति कांहीं घरीं आहे. ती आईच्या निरुपायांतून आलेली आहे हें आम्ही जाणतों. पण दोरी गळ्याभोंवतीं फिरूं शकते, म्हणून ती सोडावी. दुसरी रीति नवी आहे. ज्यांत मूल मधें बसवितात तो चाकांचा वॉकर पुष्कळ लोक प्रेमानें भेट देतात. त्यानें मूल लवकर चालतें हा समज खोटा आहे, आणि त्यांतून मुलें पायऱ्यांवरून कोसळतात. कॅनडा देशानें २००४ सालीं त्याची विक्रीच बंद केली. आपला जुना पांगुळगाडा वेगळा. तो उभें राहूं लागलेलें मूल मागून ढकलतें. सपाट अंगणांत, कोणी जवळ असतां, तो चांगला.

६. फाटक राखणदार नव्हे

एवढें सगळें केल्यावर एक भ्रम उत्पन्न होण्याची भीति आहे, कीं आतां मुलाकडे न पाहिलें तरी चालेल. ह्या बाबतींत बांगलादेशांतील अनुभव फार बोधपर आहे. तेथें खेडोपाडीं तळीं व खड्डे असल्यामुळें लहान मुलें बुडून मरत. २०१३ ते २०१५ ह्या वर्षांत तेथील ग्रामीण भागांत हजारों मुलांस घरांत ठेवण्याचे कठडे दिले, आणि गांवांतील बाई दिवसाचे कांहीं तास मुलें सांभाळील अशीं केंद्रें उघडलीं. त्या केंद्रांना ‘आंचल’ म्हणतात; आंचल म्हणजे पदर. पुढें हिशेब पाहतां केंद्रांत राखलेल्या मुलांत बुडण्याचें प्रमाण फारच घटल्याचें आढळलें. एकट्या कठड्याविषयीं मात्र तसें म्हणतां आलें नाहीं. लांकडानें थोडा वेळ मिळतो. मुलाचा जीव राखतें तें जागतें माणूस.

आपल्या भागांत ही अडचण दसरा-दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत येते. वेचणीची मजुरी वजनावर असते. मुलाकडे पाहत बसलें तर रोज पडत नाहीं. मग मूल धुऱ्यावर झाडाखालीं झोळींत, किंवा घरीं आठ वर्षांच्या बहिणीजवळ राहतें. ती बहीण स्वतःच मूल आहे. तिची शाळा बुडवून तिच्या कडेवर मूल देणें हा उपाय नव्हे.

महाराष्ट्रांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ पासून तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं जें काम आरंभिलें त्यांतून अंगणवाडीची कल्पना वाढली. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हें नांव सर्वांच्या तोंडीं झालें. परंतु अंगणवाडींत दिवसा बसतात तीं मुख्यत्वें तीन ते सहा वर्षांचीं मुलें. रांगत्या मुलास तेथें आहार, वजन व लस ह्यांचा लाभ होतो. दिवसभर राहावयास जागा सहसा मिळत नाहीं. २०२२ पासूनच्या ‘पाळणा’ योजनेंत अंगणवाडीसच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे, व तींत सहा महिन्यांपासूनचीं मुलें घेतात. आपल्या गांवासाठीं तशी मागणी ग्रामसभेंत करणें हें प्रत्येक आईबापाच्या हातीं आहे.

तोंपर्यंत मंडळीनें हात बांधून बसूं नये. वेचणीच्या दिवसांत दोन वडील स्त्रियांनीं एका ओसरीवर पांच-सहा मुलें सांभाळावीं, त्या ओसरीला मंडळीच्या खर्चानें एक चांगलें फाटक करवावें, आणि त्या बायांस त्यांच्या दिवसाचा योग्य मोबदला द्यावा. ज्या आजीबाई विचारतात कीं पूर्वीं फाटकें कोठें होतीं, त्यांनाच हें काम आधीं सोंपवावें. त्यांच्याइतकें जाणतें फाटक सुताराच्या हातून होणार नाहीं.

ह्या आठवड्याचें काम

घरांत किंवा शेजारीं सहा ते अठरा महिन्यांचें मूल असेल तर रविवारपूर्वीं तीन कामें करावीं. एक, हातागुडघ्यांवर घर फिरून यावें. दोन, न्हाणींतील बादली उपडी करावी व न्हाणीला बाहेरून कडी लावावी. तीन, ओसरीचें तोंड मोजून सुताराकडे जावें.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. आपल्या घरांत रांगत्या मुलास हलवितां न येणारे धोके कोणते? त्यांपैकीं किती ठिकाणीं फाटक खरोखर लागेल?
२. दिवसांतील कोणत्या वेळीं मुलाकडे पाहावयास घरांत कोणी नसतें? त्या वेळीं शेजारीं कोण असतें?
३. आपल्या मंडळींत वेचणीच्या दिवसांत रांगतीं मुलें किती घरीं आहेत, व त्यांना कोण सांभाळतें? ह्याची यादी पंचमंडळापुढें ठेवावी.